कार्यमुक्त साहित्यिक

सरकारी नोकरीचा त्याग करून साहित्याची दीक्षा घेणारा जो गृहस्थ हल्ली प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी निदान एक तरी आढळतो, त्याच्या वैराग्याचे प्रमुख लक्षण असे की ते नियमाला धरून येते. नोकरीस लागल्या दिवसापासून त्याच्या अंतःकरणात काव्याचे स्फुरण चालू असते खरे. परंतु वीस वर्षांची अर्हताकारी सेवा पुरी होऊन, तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन, स्वेच्छानिवृत्ती पदरात पडेपर्यंत ते स्फुरण तो मोठ्या संयमाने आवरून धरतो. शिवाय माझे असे निरीक्षण आहे की, हे स्फुरण १ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालेल्यांनाच, म्हणजे ज्यांना जुने निवृत्तिवेतन लागू आहे त्यांनाच, अनावर होते. त्या तारखेनंतर नेमणूक झालेल्यांची प्रतिभा अंशदानाचा उतारा पाहताच जागच्या जागी शमते. क्रौंचवध पाहून ज्यांच्या मुखातून श्लोक निघाला त्या आदिकवींपुढे असा कोणताही उतारा नव्हता, ही गोष्ट वाङ्मयेतिहासकारांनी ध्यानात घ्यावयास हवी.

आमचे भाऊसाहेब (कचेरीतल्या कारकुनाला भाऊसाहेब म्हणण्याची जी रीत आहे, तिला अनुसरून मीही त्यांना तेच म्हणतो) तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ घेऊन ते कार्यमुक्त झाले, तेव्हा सरकारी सेवेत लेखणीला स्वातंत्र्य नसते, असे कारण त्यांनी आम्हांस सांगितले. वस्तुतः १९७९ च्या वर्तणूक नियमांनीसुद्धा निव्वळ साहित्यिक लेखनाला मज्जाव केलेला नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहून समाजाची हजेरी घेतली ती सरकारी चाकरीत राहूनच, चिं. वि. जोशी बडोद्यास पाली शिकवता शिकवता चिमणरावांचा प्रपंच रचीत होते. जयवंत दळवी अमेरिकन माहिती खात्याच्या मुंबईच्या कचेरीत बसत, आणि व. पु. काळे महानगरपालिकेत वास्तुविशारद होते. ही नामावळी मी भाऊसाहेबांपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “यांच्यापैकी मतदारयाद्यांचे काम कोणाकडे होते?” हा युक्तिवाद अगदीच पोकळ आहे असे मला म्हणवत नाही.

विद्यापीठाच्या सर्जनशील लेखनाच्या पदविकेस त्यांनी नाव घातले. अमेरिकेत आयोवा येथे लेखनाची अशी शाळा १९३६ साली निघाली आणि आपण अजून झोपलेले आहोत, हे वाक्य त्या दिवसांत ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि दूधवाल्यालाही ऐकवीत. परंतु आयोवाच्या वाटेवर एक सेतू लागतो. शिक्षणात एवढ्या वर्षांचा खंड का पडला याचे प्रतिज्ञापत्र विद्यापीठाने मागितले, आणि ते करण्यासाठी भाऊसाहेबांना आपल्याच जुन्या कचेरीतल्या सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहावे लागले. असल्या प्रतिज्ञापत्रांत आजवर त्यांनीच शेकडो त्रुटी काढल्या होत्या. खिडकीतल्या मुलाने, जो कालपरवापर्यंत त्यांच्यासाठी चहा सांगत असे, कागद उलटसुलट करून पाहिला, दाखल्याची छायाप्रत साक्षांकित नसल्याचे दाखवून दिले आणि “साहेब, उद्या या,” म्हणाला. या प्रसंगावर कथा लिहा, असे मी सुचवले. हा विषय साहित्याचा नव्हे, असे त्यांचे मत पडले.

कचेरीत असताना ते पाठकोऱ्या कागदांवर कविता लिहीत. एका बाजूस दुष्काळी अनुदानाची यादी आणि दुसऱ्या बाजूस चंद्र. आता दोनशे पानी वही विकत आणली, तर दोन्ही अंगांनी कोरा कागद पाहून त्यांना काही सुचेना. शेवटी प्रत्येक पानाला उभी घडी घालून त्यांनी डावीकडे ऐसपैस समास सोडला, तेव्हा कोठे मजकूर उतरू लागला. वर्ग घेणाऱ्या बाई वयाने त्यांच्या पुतणीएवढ्या. त्या आत आल्या की हे ताडकन उभे राहतात, आणि बाकीची मुले ‘काका, बसा हो’ म्हणून त्यांना खाली ओढतात. एवढा समास कशासाठी, असे बाईंनी विचारले असता, आपल्या शेऱ्यासाठी, असे उत्तर मिळाले.

पावसाळी संध्याकाळचे वर्णन करा, हा पहिला स्वाध्याय होता. भाऊसाहेबांनी वर विषय घातला, त्याखाली बाईंच्या तोंडी सूचनेचा संदर्भ दिला, आणि ‘सायंकाळी सहाच्या सुमारास पाऊस पडल्याचे निदर्शनास आले’ असा प्रारंभ केला. पुढे प्रेमकथा आली. तीत ‘नायिकेने नायकाचा हात हाती घेऊन काही काळ प्रलंबित ठेवला’ असे एक वाक्य होते, आणि अखेरीस ‘नायकाचा हृदयभंग झाला’ असे होते. तो कोणी केला, असे बाईंनी विचारले. भाऊसाहेब विचारात पडले. वीस वर्षांच्या गद्यात त्यांनी कोणत्याही क्रियेला कर्ता म्हणून ठेवलेला नव्हता. दप्तरात गोष्टी होतात, त्या कोणी करीत नसतो, आणि कर्ता एकदा लिहून गेला की चौकशी मागे लागते. “जबाबदारी निश्चित करता येईल,” ते सावधपणे म्हणाले, “पण पुढच्या प्रकरणात.” माझे प्रामाणिक मत असे की, या उत्तरात कादंबरीकाराचा अंश आहे.

घरी वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. सध्या घरात दोन विद्यार्थी असून त्यांतला दहावीचा निदान अभ्यास करतो, एवढेच त्या सांगतात.

दिवाळी अंकांकडे साहित्य पाठवताना भाऊसाहेबांनी रीतसर बारनिशी उघडली. प्रत्येक कवितेला जावक क्रमांक, महिन्याने स्मरणपत्र, त्यानंतर दुसरे, आणि मग ‘अंतिम स्मरणपत्र’, ज्याच्या तळाशी ‘प्रत माहितीस्तव सादर’ असे लिहून एखाद्या साहित्यसंस्थेच्या अध्यक्षांचा हुद्दा घातलेला. पुण्यामुंबईच्या संपादकांवर याचा काही परिणाम झाला नाही. परंतु एका तालुक्याच्या संपादकाच्या छापखान्याच्या जागेचे बिनशेतीचे प्रकरण कचेरीत बरेच दिवस अडून होते. त्या भल्या माणसाने ‘उपरोक्त विषयाबाबत आपणाकडून अद्याप कार्यवाही झाल्याचे दिसून येत नाही’ एवढेच वाचले आणि घाबरून कविता छापून टाकली, तीही पहिल्या पानावर, चौकटीत.

अंक हाती येताच भाऊसाहेबांनी तो टाचून नस्तीस लावला आणि पृष्ठांना क्रमांक दिले. कविता कशी आहे, असे कोणी विचारले तर ती नियमानुसार प्रसिद्ध झाली आहे, एवढेच ते सांगतात. मानधनाबाबतचे पहिले स्मरणपत्र गेल्या सोमवारी रवाना झाले.