पोटाशी बोलणी

माझं पोट माझ्याआधी उठतं. डबा घेतला, चप्पल घातली, दाराला कुलूप लावलं की ते हमखास म्हणतं, "एकदा जाऊन येऊ." आणि हे चालतं कुठे, तर जिथे नळ आठवड्यातून एकदा येतो त्या छत्रपती संभाजीनगरात. बायको गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवून पाणी मोजते आणि मग काही न बोलता माझ्याकडे बघते.

तपासण्या सगळ्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, आतून नळी. रिपोर्ट इतके चांगले की फ्रेम करून लावावेत. "आयबीएस आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे आतडं ठीक, मेंदूही ठीक, फक्त दोघांचं एकमेकांशी पटत नाही. घरोघरी असतं तसं. गोळ्या झाल्या, इसबगोल झालं, ताक झालं. शेवटी ते म्हणाले, "संमोहन उपचार करून बघा." मी पोट धरून हसलो आणि लगेच उठून आत जावं लागलं.

आईला वाटलं, वशीकरण. "लिंबू-बिंबू देईल, खिशात ठेवू नकोस." गुलमंडीवर चहा पिताना मित्र म्हणाला, "कशाला जायलास बे? गुंगीत एटीएमचा पिन सांगून बसशील." पिन मला शुद्धीतही आठवत नाही, त्यामुळे ती काळजी नव्हती. माझ्या डोक्यात होता तो कॉलेजच्या गॅदरिंगमधला जादूगार. त्यानं आमच्या वर्गातल्या एकाला स्टेजवर बोलावून अख्खा कांदा सफरचंद म्हणून खायला लावला होता. पुढे कधीतरी मी त्याला खोदून विचारलं, तर म्हणाला, "कांदाच होता रे. पण सगळे टाळ्या वाजवत होते ना!"

गारखेड्यातल्या त्या दवाखान्यात साखळीला बांधलेलं घड्याळ नव्हतं, काळा झगाही नव्हता. मॅडम एमबीबीएस, पुढे मानसोपचाराची पदवी. हे मी आधी बघून घेतलं, कारण दोन दिवसांचा कोर्स करून पाटी लावणारे आणि फी घेऊन पूर्वजन्म दाखवणारेही गावात मिळतात. माझा पूर्वजन्म मला नकोच आहे. तिथेही पोट असणारच. शिवाय तशा अवस्थेत माणसाला न घडलेल्या गोष्टीही 'आठवतात', असं मॅडमनीच सांगितलं. पहिला तास नुसत्या चौकशीत गेला. कधी दुखतं, कधी थांबतं, पूर्वी कधी भास झालेत का, आवाज ऐकू येतात का. तसं काही असेल तर हा उपचार सरसकट करत नाहीत म्हणे.

"झोपेत काही भलतंच बोललो तर?"

"तुम्ही झोपणारच नाही, सर. सगळं ऐकू येईल. नको वाटलं तर डोळे उघडायचे."

घोळ नावातच आहे. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड नावाच्या सर्जननं 1843 साली पुस्तक लिहून 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ केला, तो झोपेच्या ग्रीक शब्दावरून. पुढे त्याच्याच लक्षात आलं की ही झोप नव्हे, लक्ष एका जागी खिळणं आहे. त्यानं नाव बदलून पाहिलं, पण लोकांच्या तोंडी बसलेलं नाव बदलणं किती जड जातं ते आमच्या शहराला कुणी शिकवायला नको. त्याच मँचेस्टरमध्ये 1984 साली पीटर व्हॉरवेल या डॉक्टरांनी औषधांना दाद न देणाऱ्या माझ्यासारख्या 30 पोटांपैकी निम्म्यांवर संमोहनाचा प्रयोग केला आणि तो चांगला लागू पडला. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही मॅडमनी पैसे घेण्याआधी सांगितलं.

पण आपला माणूस ब्रेडच्याही आधीचा. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे. झगा घातलेला माणूस, पुढे पसरलेले हात आणि समोर मागे कोसळणारी बाई. गोव्याला गेलो तेव्हा जादूगार समजून त्याच्याबरोबर फोटो काढला होता. तो आबे फारिया निघाला. 1756 साली कांदोळीत जन्मला आणि 1813 मध्ये पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर वर्ग घेऊ लागला. त्या काळी लोक म्हणत, करणाऱ्याच्या अंगातून चुंबकासारखं काही निघतं. हा म्हणाला, माझ्यातून काही निघत नाही, जे घडतं ते समोरच्याच्याच मनात. गोव्यात त्याची एक गोष्ट सांगतात. तरुणपणी पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि बोबडीच वळली. मागून वडील कोकणीत कुजबुजले : ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! झालं, पोरगं धडाधड बोलायला लागलं. आख्यायिका असेल, पण माझा पिनवाला मित्र त्यावर गप्प झाला.

मग खुर्ची मागे झाली. छताच्या एका ठिपक्याकडे बघा, पापण्या जड होऊ द्या, दहापासून उलटे आकडे. पोटावर हात ठेवा, तळहाताची ऊब आत जाऊ द्या. "आता एक नदी बघा. शांत वाहते आहे. तसंच तुमचं आतडं." मला नदी दिसली ती पाणचक्कीजवळची खाम, मी लहानपणी पाहिली तशी. हात आपोआप नाकाकडे गेला. मॅडमनी माझा डोळे मिटलेला चेहरा वाचला असावा. "दुसरी घ्या, सर." मी पैठणला गेलो. गोदावरी छान होती, पण वर जायकवाडीची भिंत दिसली आणि आज धरण किती टक्के भरलं असेल, याचा हिशोब सुरू झाला.

घरी रोज रेकॉर्डिंग लावायचं होतं. पाच-सहा आठवड्यांत सकाळच्या चार फेऱ्यांच्या दोन झाल्या. बायकोनं काठी अजून टाकलेली नाही, पण बघणं कमी केलंय.

सातव्या वेळी मी बराच खोल गेलो होतो. तेवढ्यात बाहेर गल्लीत कुणीतरी ओरडलं, "नळ आले!" मला स्वच्छ ऐकू आलं, उठताही आलं असतं. पण आमच्या भागाचा नंबर परवा होता. मॅडमचा आवाज तसाच संथ : "असंच शांत राहा... नदी वाहते आहे... मी दोन मिनिटांत आले." मग चपलांची घाई, बटणाचा खटका, मोटरची घरघर. थोड्या वेळानं वर टाकीत धो धो पाणी पडू लागलं. इतकी स्पष्ट नदी मला आजवर दिसली नव्हती.