गुडघ्याचा सरकारी कोन

अमेरिकेत माजी सैनिकाचा गुडघा किती दुखतो, हे कोनमापक ठरवतो. पाठीवर ओझं घेऊन वर्षानुवर्षं कूच करताना सांधा झिजला, हे ठीक. वेटरन्स अफेअर्स खात्याला हवे असतात अंश. निरोगी गुडघा १४० अंश वाकतो. ३० अंशांवर अडला तर २० टक्के अपंगत्व, ४५ वर अडला तर १०. आणि ६० वर? शून्य टक्के. म्हणजे दुखणं मंजूर, पैसे नामंजूर.

नियमपुस्तक अगदीच निर्दय नाही. हालचाल करताना वेदना होत असल्या तर किमान १० टक्के मिळू शकतात. पंचाईत होते ती तपासणीच्या टेबलावर दात-ओठ खाऊन पाय दुमडणाऱ्या शूर गड्याची. कण्हण्याचं प्रशिक्षण लष्करात देत नाहीत.

मग बेरीज. मानेला ३०, गुडघ्याला २०, एकूण ५०? छे! मानेचे ३० वजा करून उरलेल्या ७० चे २० टक्के, म्हणजे १४. झाले ४४. दहाच्या पटीत बसवले की ४०.

निकाल पटला नाही तर २०१९ पासून तीन वाटा आहेत: नव्या पुराव्यासह पुरवणी दावा, वरिष्ठांकडून फेरविचार किंवा थेट अपील मंडळ. फेरविचार करणारे वरिष्ठ नवा कागद मात्र बघत नाहीत. दरम्यान सांधा आणखी झिजल्याचा ताजा एक्स-रे हाती आला, तर तो घेऊन पुरवणी दाव्याच्या रांगेत जायचं.