काल इथंच होता

भाऊजींचा फोन रात्री साडेअकराला वाजला तरी आमच्या घरी आता कुणी दचकत नाही. कुणी गेलेलं नसतं. कुणीतरी आलेलं असतं, आणि तेही बहुधा सैबेरियातून.

‘‘उद्या साडेपाचला खाली उभा राहा. कवडीपाटला आलाय.’’

कोण आलाय, हे विचारायची चूक मी एकदाच केली. त्यांनी आधी इंग्रजी नाव सांगितलं, मग लॅटिन, मग मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश उघडून मराठी नाव, आणि शेवटी या तिन्ही नावांवरून जाणकारांत काय वाद चालू आहेत ते. फोन ठेवला तेव्हा एक वाजला होता. आता मी फक्त ‘‘हो’’ म्हणतो आणि गजर लावतो.

कवडीपाट म्हणजे पुण्याबाहेर सोलापूर रस्त्याला, मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. पुणेकरांनी नदीत जे जे सोडलं ते इथं फेस होऊन निघतं. या फेसात हिवाळाभर चक्रवाकांच्या जोड्या तरंगत असतात. संस्कृत कवींनी ज्यांच्या विरहावर एवढी शाई खर्च केली, तेच हे. नाकाला रुमाल लावून आम्ही काठावर पोचतो तेव्हा दहा-बाराजण आधीच आलेले असतात. मिलिटरी छापाच्या टोप्या, तोफेएवढ्या लेन्सा, आणि सगळे गप्प. भाऊजी भुवई उंचावतात. त्यातला एकजण डोळे न हलवता म्हणतो, ‘‘काल इथंच होता.’’

हे वाक्य मी पाषाणच्या तलावावर ऐकलंय, भिगवणला उजनीच्या पाण्यात नावेत बसून ऐकलंय, सासवडच्या माळावर काटेरी तारेला पँट अडकलेली असताना ऐकलंय. सांगणाऱ्याच्या आवाजात सहानुभूती असते, पण जरा नीट कान द्या. तो स्वतः काल आलेला असतो.

भाऊजी मुळात बँकेतले. एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले तेव्हा स्टाफनं निरोप समारंभात दुर्बीण दिली. स्टाफचा हेतू चांगलाच होता. पहिली दोन वर्षं त्यांनी बाल्कनीतून दयाळ, शिंजीर, भारद्वाज असे सालस पक्षी बघितले. भारद्वाज दिसला की शुभ म्हणून ताईही बाहेर यायची. मग कुणीतरी त्यांना मोबाइलवर यादी ठेवायला शिकवलं आणि घरातलं शुभ संपलं. पहिल्यांदाच दिसलेल्या पक्ष्याला या मंडळींत ‘लाइफर’ म्हणतात. एकदा लाइफरची चटक लागली की दाराशी येणारा बुलबुल हा नळाच्या पाण्यासारखा होतो. असतो, म्हणून कुणी बघत नाही.

या यादीत एक मेख आहे. ई-बर्ड नावाच्या जागतिक वहीत तुम्ही दुर्मीळ पक्ष्याची नोंद केलीत की तिची तपासणी होते. भाऊजींच्या नोंदी तपासणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा असावा. तो अतिशय नम्रपणे लिहितो, ‘‘काका, फोटो आहे का? वर्णन थोडं सविस्तर द्याल का?’’ ज्या माणसानं एकतीस वर्षं समोरच्याला ‘‘मूळ प्रत आणलीय का?’’ विचारलं, त्याच्यावर ही पाळी यावी! फोटो असतो, पण त्यात बाभळीची फांदी सुरेख आलेली असते आणि मागं एक तपकिरी डाग. त्याला ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणायचं. त्यातून हिवाळ्यात येणारे निम्मेअधिक वटवटे हे मुळातच तपकिरी डाग असतात. डाग आणि डाग यांत फरक काढायला आयुष्य जातं. भाऊजी मग कर्नल साइक्सचा दाखला देतात. त्यानं 1832 साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, त्याला कुणी फोटो मागितला होता? नव्हता मागितला. त्या काळी पक्षीच गोळी घालून पेटीत भरून विलायतेला धाडत.

यादी घरबसल्याही वाढते, हे मला ठाऊक नव्हतं. एका सकाळी भाऊजी ओरडले, ‘‘अगं, एक वाढला!’’ ताई पोळ्या टाकून धावत आली. झालं होतं असं, की पांढऱ्या गळ्याचा नाचण म्हणून ज्याला सगळे एकच समजत, त्यातला आपल्याकडचा ठिपक्यांचा नाचण शास्त्रज्ञांनी वेगळी जात म्हणून काढला. भाऊजींनी एक सिंहगडाच्या पायथ्याशी पाहिला होता, दुसरा हिमालयात. एकाचे दोन झाले. वाटणीत कुणाचं काही वाढल्याचं मी आमच्या भावकीत तरी ऐकलेलं नाही.

भाचीच्या लग्नाची तारीख ठरवताना गुरुजींना पंचांगाआधी भाऊजींशी झुंजावं लागलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यांना चालणार नव्हतं, आणि मुलाकडच्यांना नेमकं तेच हवं होतं. शेवटी नोव्हेंबरअखेर, लोणावळ्याचं कार्यालय, यावर तडजोड झाली. भाऊजी इतक्या चटकन हो म्हणाले तेव्हाच मला शंका यायला हवी होती. हिरवळीवर मंगलाष्टकं चालली होती, ‘सावधान’ झालं, सगळ्यांच्या अक्षता पडल्या, आणि वधुपिता आकाशाकडे बघत उभा. मी कोपरानं ढोसलं. ते पुटपुटले, ‘‘अमूर ससाणे. तीन आहेत. सैबेरिया-चीनकडून निघालेत, आता समुद्र ओलांडून आफ्रिकेला जाणार, एवढासा जीव! आणि तू मला अक्षता टाक म्हणतोस?’’ कॅसेटमध्ये ते फार भावुक दिसतात. लेक सासरी चालली म्हणून बाप आभाळाकडे बघतोय, असं विहिणीला वाटलं. आम्ही ते तसंच राहू दिलं.

तर यादी 499 वर येऊन थांबली. पाचशेवा कुणी सोम्यागोम्या असून चालणार नव्हता. भाऊजींनी ती जागा रानपिंगळ्यासाठी राखून ठेवली.

रानपिंगळ्याची गोष्ट अशी, की हा आपल्या खानदेश-विदर्भाकडच्या जंगलातला घुबडाचा लहान भाऊ 1884 नंतर कुणाला दिसलाच नाही. मधे माइनर्टझहागेन नावाच्या इंग्रज कर्नलानं आपल्याला तो 1914 मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मिळाल्याचं नोंदवलं होतं. बरेच दिवस सगळ्यांनी ते खरं धरलं. पुढं पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी संग्रहालयातले नमुने तपासले तेव्हा कळलं, की कर्नलसाहेबांनी दुसऱ्याचा नमुना लांबवून त्यावर आपली चिठ्ठी लावली होती. बाईंनी ती नोंद बाजूला सारली, जुन्या खऱ्या नोंदींवर भिस्त ठेवली आणि सहकाऱ्यांसह नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात तो शोधून काढला. 113 वर्षांनी. भाऊजींचा यावर अभिप्राय एकच : ‘‘चुकीचं लोकेशन टाकायची पद्धत आपल्या ग्रुपनं सुरू केलेली नाही.’’

मेळघाटात सेमाडोहला दोनदा, तोरणमाळला एकदा, अशा तीन वाऱ्या झाल्या. तिसऱ्या वारीत फोटो मिळाला, चक्क स्पष्ट. ताईनं शिरा केला. रात्री नम्र मुलाचा निरोप आला, ‘‘काका, डोक्यावर ठिपके आहेत.’’ रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं असतं. ठिपके असतात ते साध्या पिंगळ्याला. साधा पिंगळा आमच्या सोसायटीच्या फाटकावरच्या झाडात राहतो आणि रोज संध्याकाळी वॉचमनकडे बघून मान हलवतो. शिरा आम्ही खाल्ला. भाऊजी दोन दिवस बोलले नाहीत.

मग तानसा. मुंबईला पाणी पाजणाऱ्या त्या तलावाभोवतीच्या जंगलात 2014 साली रानपिंगळा सापडला, आणि ज्यासाठी लोक सातपुडा पालथा घालत होते तो लोकलच्या टप्प्यात निघाला. पुण्याहून रात्री अडीचला निघालो. मागच्या सीटवर ताई होती, कारण ‘‘हा कोण एवढा लागून गेलाय ते मला बघायचंय’’. बरोबर गावातला एक मुलगा होता. सागाची पानं गळलेली, पायाखाली पापडासारखी वाजणारी. सहा वाजले, सात वाजले, आठ वाजले. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही, हे भाऊजींचं तत्त्व आहे. सव्वाआठला त्यांचा हात खिशाकडे गेला. ‘‘एकदाच. हळू.’’ ताईनं नुसतं बघितलं. हात परत आला.

मुलगा म्हणाला, ‘‘तो बघा. दोन वाजता.’’ म्हणजे घड्याळाचा काटा दोनवर असतो त्या दिशेला.

‘‘दोनपर्यंत मी थांबणार नाही,’’ ताई म्हणाली.

निष्पर्ण सागावर, लख्ख उन्हात बसला होता. घुबडाच्या जातीचा असून दिवसाढवळ्या. वीतभर उंच, पोट पांढरं, डोकं कोरं, चेहऱ्यावर हेडमास्तरांचा राग. शेपूट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मी भाऊजींकडे बघितलं. दीड लाखाची लेन्स गळ्यात लोंबत होती आणि दोन्ही हात छातीशी जोडल्यासारखे झाले होते. तोंड अर्धवट उघडं. बँकेतून निवृत्त झालेला माणूस त्या क्षणी इयत्ता चौथीत होता. एरवी पक्ष्यांच्या नावानं बोटं मोडणारा मी. पण माझ्याही घशात काहीतरी अडकलं, ते कबूल करायला हवं. ताईनं हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

चाळीसेक सेकंद असावीत. मग फांदी रिकामी झाली.

‘‘फोटो?’’ मी विचारलं.

‘‘अरे!’’ भाऊजी म्हणाले.

ताईनं आपला साधा मोबाइल पुढं केला. तिच्या फोटोत आकाश बरंच आहे, साग आहे, आणि सागावर एक ठिपका. तो फोटो नम्र मुलाकडे गेला. ताईनं वर्णनही स्वतः लिहून दिलं, हेडमास्तरांसकट. नोंद मान्य झाली.

पण ते नंतर. त्या सकाळी आम्ही गाडीकडे चालत होतो, पाचशे पुरे झाले होते, शहापूरला मिसळ खायचं ठरलं होतं, आणि भाऊजींचा फोन थरथरला. त्यांनी वाचलं. चेहऱ्यावरचा चौथीतला मुलगा गेला आणि नेहमीचे भाऊजी परत आले.

‘‘भिगवणला आलाय. आत्ता निघालो तर संध्याकाळच्या उजेडात मिळेल.’’

मिसळ राहिली. भिगवणला पोचलो तेव्हा नाववाला दोर बांधत होता. काय म्हणाला, ते तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या शनिवारी माझी गाडी सर्व्हिसिंगला आहे, आणि ती बराच काळ तिथं राहील असा माझा अंदाज आहे. तेव्हा पुण्याहून भल्या पहाटे कुणी निघणार असेल, दिशा कुठलीही चालेल, तर भाऊजींसाठी एक जागा ठेवा. डिझेलचे निम्मे पैसे ते देतात, डब्यात ताईच्या दशम्या असतात. फक्त खिडकी त्यांना लागते, आणि त्यांनी ‘‘थांबा!’’ म्हटलं की आधी मागचा ट्रक बघा, मग ब्रेक दाबा.