पाव्हणं कुणाचं?

कुर्डुवाडीच्या फलाटावर उतरलेल्या माणसाला ‘कुणाचं पाव्हणं?’ असं कुणी विचारत नाही. विचारणार कोण? १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची गाडी इथून सुटू लागली, तेव्हा या स्टेशनाचं नावसुद्धा उसनं होतं, बार्शी रोड. गाडी बदलणारे पंढरीचे वारकरी, लातूरकडचे, मिरजेकडचे, सगळेच इथे परके. तेव्हा परकेपणाचा आळ घ्यायचा कुणावर, हीच अडचण. जंक्शन सोडून आडवाटेच्या गावात शिरलं, की मात्र पारावर तोंडी परीक्षा असते. गाव कुठलं? कुणाकडं निघालात? आडनाव काय? प्रश्न आदबीने येतात, कधी पाण्याच्या तांब्यासोबत. उत्तरं पटली नाहीत तरी कुणी आवाज चढवत नाही. फक्त कुणीतरी मोबाइलवर फोटो काढून ठेवतो आणि एक मोटारसायकल शिवेपर्यंत सोबत येते. याला आदरातिथ्य म्हणायची पद्धत आहे.

या परीक्षेत काही जण न बसताच पास होतात. जमिनीचे दलाल, निवडणुकीतले उमेदवार, दामदुप्पट योजनेचे एजंट. गावाचं आजवर सगळ्यात जास्त नेलं ते याच मंडळींनी, तेही चहा पिऊन. नापास कोण होतं, हे १ जुलै २०१८ ला दिसलं. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणारे पाच डवरी गोसावी तिथे पोचले. बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा त्यांच्याआधी पोचली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. माणूस कुठला रहिवासी आहे याचा दाखला जिथे मिळतो, तीच ही कचेरी.

दोष अफवा पसरवणाऱ्या मोबाइलचा, असं म्हणणं सर्वांच्याच सोयीचं होतं. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतापुरती मर्यादा घातली : एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल. पाच मेले, पाचची मर्यादा आली, हिशेब मिटला. पण तोच निरोप वाचून एखाद्या प्लॉटवाल्याला कुणी कोंडल्याचं ऐकिवात नाही. संशयाची यादी मोबाइलच्या फार आधी तयार होती. फिरस्त्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केला. तो १९५२ साली गेला, पण त्या काळात तारेच्या कुंपणात वसवलेली सोलापूरची ‘सेटलमेंट’ आजही रिक्षावाल्याला याच नावाने सांगावी लागते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. लेकरांची काळजी खोटी नसते, पोलीस ठाणं लांब असतं आणि मार फक्त भिक्षेकऱ्यांनाच बसतो असंही नाही. हे खरं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्यात मार खाल्लेले उत्तर प्रदेशचे चार साधू मोटारीतून पंढरपूरला निघाले होते. त्यांचा अपराध रस्ता विचारण्याचा. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले, तेही पोलिसांच्या डोळ्यांदेखत. म्हणजे मोटार उपयोगी पडत नाही, भगवं वस्त्र पडत नाही, ठाणं लांबून जवळ आलं तरी भागत नाही. मग प्लॉटवाल्यापाशी असं काय असतं? गावातलाच कुणीतरी ‘आपला माणूस आहे’ म्हणणारा. ज्याच्या बाजूने एवढं म्हणायला कुणी नाही, त्याच्याच बाबतीत गावाची लेकरं एकदम धोक्यात येतात.

आता नवा कायदा आहे. भारतीय न्याय संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला. राईनपाड्याचीच तारीख, अर्थात योगायोगाने. पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा किंवा तत्सम कारणांवरून खून केला, तर त्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. यादीत ‘संशय’ हे कारण नाही. वकील मंडळी ते ‘तत्सम’ कारणांत बसवतील की नाही ते बसवोत. पारावर अजून तेवढं एकच कारण लागतं.