शिळ्याची मोठी माय

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढ्यात प्रत्येक गल्लीला एक मोठी माय असते. नात्यानं ती कुणाच्या तरी बापाच्या थोरल्या भावाची बायको. हुद्द्यानं अख्ख्या गल्लीच्या उरल्यासुरल्याची कारभारीण. तिच्या घरातून उकिरड्यावर जाते ती फक्त राख, आणि तीही भांडी घासून झाल्यावर.

तिच्या कारभारात पोळी कधी संपत नाही, तिची फक्त बदली होते. काल संध्याकाळची पोळी सकाळी कुस्करा होऊन येते. त्यातून उरली की गूळ-तुपाची शपथ घेऊन लाडू होते. भाकरीची नेमणूक थेट ताकात. खिचडीचं थालीपीठ, वरणात कणीक मळून पराठे, भाताचे सांडगे. एवढ्या सगळ्या चाळण्यांतून सुटलेलं काही म्हशीपुढे गेलंच, तर म्हैसही आधी संशयानं हुंगून बघते.

पाहुण्याला आपण नेमकं कोणत्या वाराचं खातोय हे कधीच कळत नाही. विचारायची सोयही नाही. "कालचं नाई बावा, आताच फोडणी देल्ली!" हे तिचं ठरलेलं उत्तर. तिच्या हिशेबात अन्नाचं वय फोडणीपासून मोजायचं असतं. सुनेनं चुकून ताजी पोळी आधी वाढली, तर घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं बोलत नाही.

अशा या मोठ्या मायच्या दारात एका सुट्टीत पुण्याचा पुतण्या आंबट पाव घेऊन उतरतो. घरी आंबट पाव भाजणाऱ्यांची ही जमात 2020 च्या टाळेबंदीत उदयाला आली. बाहेर जायला बंदी, हाताला काम लॅपटॉपचं आणि वेळ रिकामा. मग कणीक आणि पाणी बरणीत कालवून त्यात बुडबुडे कधी येतात हे बघत बसायचं. हवेत आणि पिठात असलेले रानटी यीस्ट आणि आंबट करणारे जिवाणू त्यात वस्तीला येतात, तेच पाव फुगवतात. या कालवणाला ते 'स्टार्टर' म्हणतात, त्याचं बारसं करतात आणि पुणे-मलकापूर प्रवासात बरणी मांडीवर घेऊन बसतात.

"रोज याला ताजं पीठ-पाणी द्यावं लागतं, मोठ्या माय. आणि त्याआधी अर्धं काढून टाकायचं."

"टाकायचं म्हंजे?"

"फेकायचं."

मोठी माय भिंतीला टेकते. "रोज अर्धं फेकून देतं? मंग जगवतं कायले त्याले?"

त्या दिवसापासून बरणीतलं अर्धं बेसन, कांदा आणि हिरव्या मिरचीच्या संगतीला लागतं आणि तव्यावर धिरडं होऊन उतरतं. पुतण्या जाळीबद्दल, आंबवणीबद्दल, चोवीस तासांच्या तपश्चर्येबद्दल बोलत राहतो. ती बरणी नाकाशी नेते आणि निकाल देते, "कुरडईच्या गव्हाचा वास हाये हा." निकाल खोटा नाही. उन्हाळ्यात तिच्या अंगणात गहू तीन दिवस भिजत पडतो, रोज पाणी बदलूनही आंबतो. त्याच्या चिकाच्या कुरडया होतात, आणि उरल्या चोथ्यात तिखट, कांदा घालून भुसवड्या. ज्वारी आंबवून बिबड्या होतात त्या वेगळ्याच. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, पाव फुगवायला माडाची सूर वापरत, हे पुतण्यानं सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "अन् उरलेल्या पावाचं काय करत?"

पाव उरतोच. पहिल्या दिवशी कौतुकानं एकेक फोड घेतली जाते. थोरले काका कवळी जपून चावतात आणि कडेचं कवच गुपचूप ताटाखाली सरकवतात. पुतण्या उरलेला पाव फ्रिजमध्ये ठेवतो. मोठी माय तो रात्रीच बाहेर काढते. तिनं शास्त्र वाचलेलं नाही, पण शास्त्र तिच्याच बाजूनं आहे. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन मऊ होतो. थंड झाला की त्याचे कण पुन्हा घट्ट रांग धरतात आणि पाव ताठतो. फ्रिजच्या गारव्यात हे काम सगळ्यात भरभर चालतं. ओलावा आणि आच मिळाली की रांग पुन्हा मोडते. म्हणजे पाण्याचा हबका आणि तापलेली कढई.

सकाळी पावाचे हातानं तुकडे, वर ताकाचा शिपका, थोडा वेळ झाकण. मग तेलात मोहरी, जिरे, शेंगदाणे, कांदा, मिरची, गोडनिंब, हळद. तुकडे परतायचे आणि वरून भरपूर सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. बाजारच्या मऊ ब्रेडचा असा प्रयोग केला की लगदा होतो. हा आंबट पाव मात्र अंगानं चिवट, ताक पिऊनही आपला आकार सोडत नाही. "लिंबू पिळायचं कामच नाई," ती म्हणते. पुण्याच्या चोवीस तासांच्या तपश्चर्येला मिळालेली ही सर्वोच्च पदवी: लिंबू वाचलं. कवचही सुटत नाही. गच्चीवर वाळतं, खलबत्त्यात कुटलं जातं आणि भरल्या वांग्याचा रस्सा दाट करतं. काका ज्याला घाबरले होते, ते दुपारी दोनदा मागून घेतात.

पुतण्या जरा दुखावतो. मग जगाचा दाखला देतो. इटलीत शिळ्या पावाची टोमॅटो घालून कोशिंबीर करतात, पोर्तुगालमध्ये लसणीची पातळ भाजी, रशियात राईच्या पावाचं आंबवून पेय.

"त्यायच्या घरीबी मोठ्या माया असतीन मंग," ती म्हणते आणि उरलेली फोडणी वाटीत झाकून ठेवते.

माझं मत सरळ आहे. पाव फुगवणाऱ्याचे फोटो निघतात, संपवणारीचे नाहीत. पण घर संपवणारीच्या जिवावर चालतं. तेव्हा पुतण्यांनो, गावाकडे येताना बरणी खुशाल आणा. फक्त अर्धं फेकायची भाषा मोताळ्याच्या अलीकडेच सोडून या, आणि मोठ्या मायला भेट द्यायचीच असेल तर मोठा फ्रिज नको, मोठी कढई द्या.