तीन भावांत रान वाटावे कसे

धाराशिव जिल्ह्यात वाटणीला बसायचे तर आधी कॅल्क्युलेटर घरात ठेवून यावा. त्याला दहाच्या पायापलीकडचे कळत नाही. परंड्यापासून उमरग्यापर्यंत रान बोलतात ते एकर-गुंठ्यांत, आणि एकराचे गुंठे चाळीस. पारावरचा कुणीही माणूस ३९ गुंठ्यांपर्यंत येतो, चाळिसावा आला की हातचा एकरात टाकतो. हीच चाळीस पायाची संख्यापद्धती. तिची परीक्षा कुठेच होत नाही, भांडणे मात्र होतात.

प्रथम बेरीज. थोरल्याचे १.३५ आणि धाकट्याचे १.१५ मिळून यंत्र २.५० दाखवते. ते वाचून कुणी इसारपावतीवर ‘अडीच एकर’ लिहिले, तर ३० गुंठे जागच्या जागी गडप. खरे रान ३ एकर १० गुंठे.

मग भागाकार. भाऊ दोन, चार, पाच, आठ किंवा दहा असतील तर एकराकडे बघूच नये. गुंठ्यांना भाग गेला की झाले. कटकट तीन भावांची. तिथे एकर आणि गुंठे सरळ मिळवावेत. ४ एकर १७ गुंठे रान आहे: चार नि सतरा एकवीस, एकविसाला तिनाने भाग जातो, म्हणून रानालाही जातो. प्रत्येकी १ एकर १९ गुंठे. कारण असे, की एकर म्हणजे ३९ गुंठे आणि वर एक. ३९ तिनाने निःशेष सुटतात, हिशेबाला उरतो तो एक. शाळेतली नवाची कसोटीच ही, नवाच्या जागी एकोणचाळीस. ३९ ला तेरानेही भाग जातो, त्यामुळे तेरा भावांच्या घरातही ती चालते. १९४७ चा तुकडेबंदी कायदा चालू देईल का, हे तलाठ्याला विचारावे.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ म्हटले. पाया बदलला की हर्षदपणही बदलते. एरवी ५२ हर्षद नाही, कारण बेरीज सात. पण ५२ गुंठे म्हणजे १ एकर १२ गुंठे. बेरीज तेरा, तेर चोक बावन्न! वाट्याला एवढे रान आल्याने ज्याचे तोंड उतरेल, त्याला हे समजावून सांगावे. बांध सरकत नाही, पण चहा येईपर्यंत वेळ जातो.

सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, म्हणजे पाया शंभराचा. ९९ ला तीन, नऊ आणि अकराने भाग जातो. तेरा भावांची तेवढी गैरसोय. पारावर आर आणि गुंठा एकच धरतात. प्रत्यक्षात आर १०० चौरस मीटरचा, गुंठा सुमारे १०१.१७ चा. वरच्या ४ एकर १७ गुंठ्यांच्या रानात हा फरक दोन गुंठ्यांवर जातो. कोर्टकचेरीला एवढे पुष्कळ.

भाऊ सात असतील तर एकरांना पाचाने गुणून गुंठे मिळवावेत. ३ एकर १३ गुंठे: पंधरा नि तेरा अठ्ठावीस, साताने भाग गेला, प्रत्येकी १९ गुंठे. विहिरीला ही रीत लावू नये. तिथे वारांचा, म्हणजे साताचा पाया. सात भावांना एकेक वार नेमून देता येतो. तिघांत रोजची पाळी लावली, तर थोरल्याचा सोमवार पुन्हा थोरल्याकडे यायला २१ दिवस लागतात, आणि तोवर लोडशेडिंगचे वेळापत्रक बदललेले असते.