'क' निळा कुणाकडून?

कढीपत्ता तोडायचं निमित्त करून मालूताई कुंपणाशी आल्या. "ऐकलंत का? आमची ओवी म्हणते, मंगळवार तपकिरी असतो! आणि 'क' निळा. पाटीवर पांढऱ्या खडूनं काढला तरी निळाच."

"असतो काही जणांना."

"सूनबाईच्या माहेरचं खूळ, दुसरं काय! तिची आई जरा तशीच आहे."

तशीच म्हणजे कशी, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर दुपार गेली असती. पण जन्मभर जीवशास्त्र शिकवलेलं, राहवेना.

"खूळ नव्हे हो, सिनेस्थेशिया म्हणतात. शंभरात चारेक जणांना कुठल्या ना कुठल्या प्रकारचा असतो. घराण्यात उतरतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ गॉल्टननं १८८०च्या दशकातच लिहिलंय."

"बघा! आईकडूनच उतरणार!"

"शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. बायकांत जास्त आढळतो असं दिसायचं, तेव्हा एक्स गुणसूत्रावर असेल म्हणायचे. पण बाप मुलाला एक्स देतच नाही, वाय देतो. आणि २००९ साली ४३ कुटुंबं तपासली, तर त्यांत बापाकडून लेकाकडे गेल्याची दोन उदाहरणं निघाली. मिटलं!"

मालूताई हिरमुसल्या. "मग आहे तरी कुठं ते?"

"एका जागी असेल तर ना! तेव्हा दुसऱ्या गुणसूत्रावर ठळक खूण मिळाली, पाच, सहा, बारावर पुसट. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तीन घराणी घेतली, तर प्रत्येकात जनुकांतले बदल निराळे. पण त्यातली काही जनुकं एकाच कामाची, मेंदूतल्या पेशींचे तंतू वाढवण्याची. ओवीच्या डोक्यात अक्षरांच्या आळीतून रंगांच्या आळीत जाणारा एखादा बोळ उघडा राहिला असेल."

"आणि निळा? तोही रक्तातूनच?"

"छे, रंग ज्याचा त्याचा. तो नाबोकोव्ह, रशियन लेखक, लहानपणी आईकडे तक्रार घेऊन गेला, लाकडी ठोकळ्यांवरच्या अक्षरांचे रंग चुकलेत म्हणून. तर आईलाही अक्षरं रंगीत दिसायची! दोघांचे काही रंग जुळले, काही नाही. पुढे बायकोही तशीच मिळाली, मुलगाही तसाच निघाला."

"लेखक म्हणजे मोठा?"

"जगभर वाचतात."

मालूताईंनी हातातली फांदी सोडली. "तसं बघायला गेलं, तर आमच्या यांचे आजोबा कीर्तनाची आख्यानं रचायचे. त्यांना म्हणे प्रत्येक वाराचा रंग दिसायचा."

"कधी बोलला नाहीत ते?"

"आत्ताच आठवलं."